पुण्याहाचे पाणी

तंजावूर
सोमवार, ऑक्टोबर १९९८

प्रिय लक्ष्मीप्रिया,

पत्र देवनागरीत पाहून दचकू नकोस. तुझ्या घरात ही लिपी तू एकटीच वाचतेस, म्हणून मुद्दाम हिच्यात लिहिते आहे. तमिळमध्ये लिहिले असते तर तुझ्या काकांनी पाकीट फोडून, बाहेरच्या तिण्णैवर, ओट्यावर, बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवले असते. कॉलेजात डब्याच्या सुट्टीत मी तुला अक्षरे गिरवायला बसवायची तेव्हा तू एकदा विचारले होतेस, मिस, घरी मराठी बोलतो तेवढे पुरे नाही का, वाचायचे कुणासाठी? मी तुला रागावले होते, उत्तर दिले नव्हते. आता देते. अशा पत्रासाठी. एकटी असशील तेव्हा वाच आणि घाई करू नकोस. माझे अक्षर पूर्वीसारखे राहिलेले नाही.

परवा तू बूथवरून फोन केलास आणि एवढेच विचारलेस की आजींचा खोकला थांबला का. थांबला. माझ्या आईची छाती आता साफ आहे, डॉक्टरांनी दोनदा तपासले. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आले की स्वतःबद्दल तू एक शब्द काढला नाहीस. लोक काय बोलत आहेत ते तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. लक्ष्मीप्रियाने नको त्या दिवसांत यंत्राला हात लावला आणि यंत्राची लेन्स फुटली. हे कारखान्यात बोलले जाते, आमच्या स्वयंपाकघरात बोलले जाते, आणि एव्हाना पापनाशमच्या बसथांब्यावरही पोचले असणार. कल्याणरामने तुला निरोप धाडला की तूर्त येऊ नकोस. तू का म्हणून विचारले नाहीस, किती दिवस हेही नाही. कल्याणराम माझा धाकटा भाऊ आणि कारखान्याचा मालक. तो बोलला की तुझ्या दृष्टीने विषय संपतो. माझ्या दृष्टीने संपत नाही. ते तुझे काम होते आणि तुझे नाव आहे. दोन्हींचे काय झाले ते तुला कळायला हवे.

ते यंत्र आले तो दिवस तुला सांगितला होता का मी? परदेशातून जुनी यंत्रे आणायला सरकारने मोकळीक दिली, आणि कल्याणरामने बँकेपुढे हात पसरून ही जर्मन लेसर-कटिंगची पेटी तंजावुरात उतरवली. भातगिरण्यांच्या चाळण्या कापायला. पूर्वी पत्र्याला ठोकून भोके पाडायचे, कडा खरबरीत राहायच्या, तांदूळ तुटायचा. लेसरने कापलेले भोक बोट फिरवले तरी टोचत नाही. बंगळूरहून एक इंजिनिअर आला, इंग्रजीत भराभर सगळे दाखवले आणि संध्याकाळच्या गाडीने गेला. दुसऱ्या दिवशी कल्याणराम माझ्याकडे. अक्का, तुम्ही जन्मभर मुलींना प्रकाश शिकवलात, आता ह्याचे आरसे आणि लेन्स कशी पुसायची ते सांगा, आमची माणसे ग्रीसच्या फडक्याने पुसतील. मी निवृत्त होऊन घरात बसले होते, तू पहिल्या वर्गात बी.एस्सी. होऊन घरात बसली होतीस. मी तुला बोलावून घेतले.

तुला मी पुस्तकातून फारसे शिकवले नाही. आमच्या आईची मडी दाखवून शिकवले. मडी, म्हणजे तुझ्या पुस्तकातल्या मराठीत सोवळे. आईचे नऊवारी विहिरीवर धुतले जायचे, छताजवळच्या काठीवर दुसऱ्या काठीने टाकले जायचे, वाळेपर्यंत त्याखालून कुणी जायचे नाही, आणि सकाळी ते तीच, ओल्या अंगाने, काठीनेच काढून घ्यायची. मधे कुणाचा हात नाही. लहानपणी मला ह्या सगळ्याचा राग यायचा. महिन्याचे ते दिवस मी मागच्या खोलीत काढले आहेत. आई ताट उंबऱ्याच्या आत सरकवायची आणि मी भिंतीला टेकून प्रकाशाच्या वक्रीभवनाची गणिते सोडवायची. तरीही खरे ते सांगते. लेन्स कशी हाताळायची हे माझ्या हातांना आईने शिकवले, कॉलेजने नाही. काचेवर बोट लागू द्यायचे नाही. तिच्यावर फुंकर घालायची नाही, तिच्यासमोर बोलायचे नाही. शुद्ध अ‍ॅसिटोनचे दोन थेंब टाकलेला मऊ कागद तिच्यावरून एकदाच, न दाबता, ओढून घ्यायचा आणि फेकून द्यायचा. एकदा फिरलेला कागद उलटून परत वापरायचा नाही. आरशांचेही तसेच. तू हे सारे न विचारता उचललेस. कामाला बसण्याआधी बांगड्या उतरवायचीस, केसांतली जाई काढून बाहेर खिडकीच्या गजाला अडकवायचीस, पराग उडतो म्हणून, आणि काम झाल्यावर पुन्हा माळायचीस. ते मी सांगितले नव्हते. ते तुझे.

त्यागराज त्या लेन्सला मामियार म्हणायचा, आठवते? यंत्र तोच चालवायचा, त्यामुळे तक्रारही त्याचीच. हात लावायचा नाही, जवळ जाऊन बोलायचे नाही, जरा धूळ दिसली की भडकते; माझ्या घरी एक सासू आहेच, कारखान्यात दुसरी कशाला आणलीत म्हणायचा. तू हसायचीस, पण तोंडावर पदर धरून, कारण लेन्सची डबी उघडी असायची. दीड वर्षात त्या यंत्राची एकही लेन्स खराब झाली नाही. बंगळूरच्या त्या माणसाने फोनवर मला विचारले होते की तुम्ही यंत्र वापरता की नुसते ठेवले आहे.

आता त्या तीन दिवसांचे. सरस्वतीपूजेच्या आदल्या दिवशी सकाळी तू आरसे आणि लेन्स पुसून सगळी झाकणे लावलीस. त्यागराजला बजावलेस की उद्याच्या आयुधपूजेला गंध-कुंकू लावायचे ते बाहेरच्या पत्र्याला, आतले काही उघडायचे नाही. सगळे बरोबर केलेस. संध्याकाळी अंबुजाने तुला कोलू, नवरात्रातली बाहुल्यांची आरास, पाहायला आणि तांबूल घ्यायला घरी बोलावले. माझ्या भावजयीचा स्वभाव तुला ठाऊक आहे, ती पाहुण्यांच्या येण्यापेक्षा न येण्याचा हिशेब जास्त ठेवते. तू पायरीखाली उभी राहून हळूच सांगितलेस की मामी, मी आत येऊ शकत नाही. बस गाठलीस आणि पापनाशमला गेलीस. तू गप्प राहून आत आली असतीस, कुंकू लावून घेतले असतेस, तर हे काहीच घडले नसते. हे मी तुला दोष म्हणून सांगत नाही. तुझ्या खरेपणामुळे त्यांना ते कळले, नाहीतर कळण्याचा दुसरा मार्ग नव्हता, एवढे ध्यानात ठेव. अंबुजाने मनाशी जुळवले: संध्याकाळी बाहेरची, म्हणजे सकाळी लेन्स पुसताना काय होती? तिने ते आईला सांगितले. आई ब्याऐंशी वर्षांची आहे. उद्या ज्याची पूजा करायची त्याला विटाळ झाला, एवढेच तिला ऐकू आले.

मी त्या दिवशी तिरुवैयारूला होते, तिथल्या शाळेत सरस्वतीपूजेला बोलावले होते. असते तर आडवी पडले असते. शास्त्री आले, कलशात कावेरीचे पाणी, हळद, दर्भ, आंब्याची पाने, पुण्याहवाचन झाले. कारखान्याभर पाणी शिंपडले. आईने सांगितले, ते डोळ्यासारखे आत असते ना, ज्याला त्या मुलीचा हात लागला, ते उघडा. त्यागराजने आढेवेढे घेतले. तो म्हणतो, अम्मा मडीत समोर उभ्या, शास्त्री उभे, मालक उभे, मी कुणाला नाही म्हणू? त्याने लेन्सचे कडे बाहेर काढले. त्यावर दर्भाने पाणी पडले. आणि मग आईने, ते ओले राहू नये म्हणून, आपल्या मडीच्या पदराने ते हलक्या हाताने पुसले. घरातली सर्वांत शुद्ध वस्तू म्हणून. तुझ्या माझ्या नियमांतला एकूण एक नियम तिने तिच्या नियमाने मोडला, आणि इतक्या काळजीने मोडला की त्यागराजलाही वाटले, पुसली तर नीटच आहे.

विजयादशमीला मी परतले आणि थेट कारखान्यात गेले. त्या दिवशी काम सुरू केल्यावाचून कुणी घरी जात नाही, नुसते एक भोक का होईना. कल्याणरामने स्वतः बटण दाबले. आई खुर्चीवर, अंबुजा नारळाचे ताट घेऊन. मी दारातून आत पाऊल टाकते तोच वर काहीतरी तडकल्याचा आवाज झाला आणि पांढरा धूर निघाला. सडक्या मुळ्यासारखा वास. मला कळले की लेन्सचे झिंक सेलेनाइड जळले आहे, तो धूर विषारी असतो. मी सगळ्यांना ओरडून बाहेर काढले, आईला त्यागराजने खुर्चीसकट उचलले. बाहेर चिंचेखाली सगळे खोकत उभे होते आणि पहिले वाक्य अंबुजाने उच्चारले. म्हटले नव्हते मी? दुपारपर्यंत ते सगळ्यांचे वाक्य झाले होते.

दोन दिवसांनी, खोली वारा लागून निवळल्यावर, मी हातमोजे घालून, नाक-तोंड बांधून ते तुकडे आणि कडे डबीत घेतले आणि कॉलेजच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. प्राचार्य भेटले तर त्यांना माझे आभार सांग, न विचारता गेले होते. तुकड्यांवर थेंब वाळल्याच्या गोल कडा होत्या, एकात एक, क्षारांच्या. सुताचे दोन धागे काळे होऊन चिकटलेले. लेसरचा किरण डोळ्याला दिसत नाही आणि स्वच्छ लेन्समधून जाताना तिला जवळजवळ तापवत नाही. पण क्षाराचा ठिपका तापतो, त्याच्याभोवतीची काच तापते, तापलेली काच आणखी किरण पिते आणि शेवटी तडकते. हे तुला ठाऊक आहे, तुझ्याकडून मी तोंडपाठ करून घेतले होते. लेन्स स्वतःच पिवळी, तिच्यावर हळद ओळखू आली नसती. पण कड्याच्या खाचेत, जिथे किरण पोचत नाही, तिथे पिवळा डाग होता. मी घरी येऊन अंबुजाच्या तांबुलाच्या तबकातला चुना बोटाच्या टोकावर घेऊन त्याला लावला. डाग लाल झाला.

मला वाटले होते की आता कुणाकडून तरी खरे काढून घ्यावे लागेल. तसे काहीच करावे लागले नाही. मी विचारले आणि आईने लगेच सांगितले, सगळ्यांदेखत, जरा अभिमानानेच. कुणी काही लपवले नव्हते. सर्वांनी डोळ्यांनी पाहिले होते आणि एकाच्याही मनात आले नाही की फुटण्याचा त्या पाण्याशी काही संबंध असेल. पाणी शुद्ध होते ना. मी आईला समजावले. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “माझ्या मडीला घाण होती म्हणतेस तू?” मी म्हटले, घाण नव्हती आई, मीठ होते, विहिरीच्या पाण्याचे, तुला मला दिसणार नाही एवढे. त्या दिवसापासून ती पातळ दोनदा धुते, आणि वाळल्यावर काठीने खाली घेण्याआधी उन्हाकडे तोंड करून खूप वेळ त्याच्याकडे बघते. मला ते बघवत नाही. माझे म्हणणे बरोबर होते आणि ते मला सांगावेच लागले, पण ब्याऐंशीव्या वर्षी माणसाच्या हातातून असे काही काढून घेणे सोपे नाही. तिने एकदा विचारलेही, ती मुलगी माझ्यावर रागावली आहे का? मी सांगितले, तिने तुझ्या खोकल्याची चौकशी केली. तेव्हा आई उठून देवघरात गेली.

कल्याणरामला मी तुकडे दाखवले, लाल झालेला डाग दाखवला. तो अडाणी नाही. त्याने सगळे नीट पाहिले, दोन प्रश्न विचारले, दोन्ही योग्य. मला वाटले, झाले. मग तो म्हणाला, “पाण्यानं फुटली हे मी मानतो, अक्का. पण पाणी शिंपडायची पाळी कुणामुळे आली?”

मी त्यावर त्याला पुष्कळ सुनावले. वर्गात कुणाला सुनावले नसेल इतके. तो मान खाली घालून ऐकत राहिला, लहानपणापासून तो असाच ऐकतो, आणि शेवटी त्याला जे करायचे तेच करतो. नवी लेन्स बंगळूरहून आली आहे. तिची डबी माझ्या कपाटात आहे. गिरण्यांचे निरोप रोज येतात, कुरुवैच्या हंगामाचे भात घरात यायला लागले आहे आणि चाळण्या अडल्या आहेत. तो मला म्हणाला, आरसे पुसून लेन्स तुम्ही बसवून द्या, तुम्हाला येते. मी म्हटले, मला येते, पण ते काम लक्ष्मीप्रियाचे आहे. चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी सकाळी कॉफीचा पेला घेऊन समोर बसला आणि त्याने मला त्याचा बेत सांगितला. त्यासाठी हे पत्र.

गुरुवारी तो आणि अंबुजा तुमच्या घरी येणार आहेत. ताट आणतील, फळे, पाने, कदाचित साडीही. तुझ्या आप्पांना सांगतील की जे झाले ते विसरा, चूक कुणाचीच नव्हती, मुलीला पाठवा, पगार वाढवून देतो. आणि निघता निघता, अगदी साधी गोष्ट सांगावी तसे सांगतील की महिन्याचे ते तीन दिवस तिने यायचे नाही, पगार कापणार नाही, म्हणजे कुणाच्याच मनाला बोच राहायला नको. ऐकायला ते प्रेमाचे वाटेल. कल्याणरामला ते प्रेमच वाटते आहे, त्याच्या मनात कपट नाही. तुला बरे नसेल तर तू कधीही रजा माग, महिन्याला माग, ती वेगळी गोष्ट आहे. मीही माझ्या काळात मागायला हवी होती. ही रजा तुझ्या दुखण्यासाठी नाही. तुझा हात लेन्सला लागू नये म्हणून आहे. तिला हो म्हणालीस की लेन्स तुझ्या हाताने फुटली हे तू स्वतःच्या तोंडाने मान्य केलेस, आणि दर महिन्याला हजेरीच्या पुस्तकात पुन्हा मान्य करत राहशील. मी तुला ओळखते. आप्पा तुझ्याकडे बघतील आणि तू कॉफीचे पेले उचलता उचलता मान हलवून मोकळी होशील, वादाला कशाला वाव द्यायचा म्हणून. म्हणून त्यांच्या आधी हे पत्र तुझ्या हातात पडायला हवे. नाही म्हणालीस तर काम जाईल, असे होऊ शकते. तिरुचीला एका कारखान्यात असेच यंत्र आले आहे, मी तिथे लिहिले आहे, पण त्यांचे उत्तर आलेले नाही आणि मी तुला खोटा भरवसा देणार नाही. हो म्हणालीस तर मी लेन्स काढून देईन आणि तुला कधी काही ऐकवणार नाही. मात्र जे म्हणायचे ते मानेने म्हणू नकोस. समोर बस, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे बोल. गुरुवारी त्या गाडीत मीही असेन. कल्याणरामने येऊ नका म्हटले होते, तरी येणार. तुमच्या ओसरीवर मी गप्प बसेन. माझ्याकडे बघू नकोस, मी तुझ्यासाठी उत्तर देणार नाही. तू उत्तर दिलेस की मग, ते काहीही असो, मी तुझ्या बाजूला येऊन बसेन.

तुझीच,
कनकलता अक्का